वाढत्या पायाचे बूट

सोमवारची ओपीडी होती. नववीतली एक मुलगी आईच्या खांद्याचा आधार घेत, लंगडत आत आली. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. आदल्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यात चेंडूसाठी तिने उंच उडी मारली, खाली येताना पाऊल दुसऱ्या मुलीच्या पावलावर पडले आणि घोटा आत वळला. तीन आठवड्यांवर निवड चाचणी आली होती. "मला खेळता येईल ना?" हा तिचा पहिला प्रश्न.

आईचा प्रश्न वेगळा होता. तिने पिशवीतून नवेकोरे बूट काढून टेबलावर ठेवले आणि अपराधी आवाजात विचारले, "डॉक्टर, मी स्वस्तातले बूट घेतले म्हणून झालं का हे?"

बूट मी हातात घेतले. दीड नंबर मोठे, पुढे कापसाचे बोळे. "वाढतं वय आहे, दोन वर्षं तरी जातील असं वाटलं," आई म्हणाली. माझे शालेय जीवनही अशाच बुटांत गेले. जूनमध्ये घेतलेले बूट, पुढे वर्तमानपत्राचा बोळा. पाय बुटांच्या मापाचा होईपर्यंत बूट फाटलेले. त्यामुळे त्या माऊलीचा हिशेब मला कळत होता. पण वर्गात बसणाऱ्या पायाला चालणारी ही काटकसर खेळणाऱ्या पायाला चालत नाही.

आधी घोटा तपासला. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांवर दाबून दुखत नव्हते, पावलाच्या बाहेरच्या कडेचे हाडही ठीक होते आणि दुखत असले तरी चार पावले टाकता येत होती. म्हणजे हाड मोडल्याची शक्यता फार कमी. दुखावले होते ते लिगामेंट. मग मी तिला विचारले, "हाच पाय याआधी कधी मुरगळला होता?" ती आईकडे पाहू लागली. दोन महिन्यांपूर्वी मुरगळला होता. घरी तेल लावून मालीश केली, चार दिवस विश्रांती, पाचव्या दिवशी मैदानावर.

खरी गोम इथे होती. लिगामेंट म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी नुसती दोरी नव्हे. पाऊल कोणत्या कोनात आहे, याची खबर त्यातल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला जाते आणि पाऊल वाकडे पडू लागताच पोटरीच्या बाहेरचे स्नायू ते सावरतात. लिगामेंट दुखावले की ही खबर उशिरा पोहोचते. सूज उतरते, दुखणे थांबते, पण घोटा अजून बेसावधच असतो.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील बास्केटबॉल खेळाडूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी घोटा दुखावलेल्या खेळाडूंना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पाचपट आढळली. खेळण्यापूर्वी स्नायू न ताणणाऱ्यांना ती अडीचपटीहून अधिक होती. आणखी एक गोष्ट दिसली: टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांना ही दुखापत चौपटीहून अधिक वेळा झाली. बूट महाग असले म्हणजे सुरक्षित असतातच असे नाही.

"मग घोट्याच्या वर येणारे उंच बूट घेऊ का? दुकानदार म्हणतो त्यात पाय मुरगळत नाही." हा प्रश्नही नेहमीचा. अमेरिकेत महाविद्यालयीन पातळीवरच्या ६२२ खेळाडूंवर झालेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना उंच बूट दिले, काहींना बुटके. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उंच बूट आवडत असतील तर जरूर घ्या. पण घोट्याचा विमा म्हणून जास्त पैसे मोजू नका.

मग बूट निवडायचे कसे? दिवसभराच्या वावराने पाऊल थोडे फुगते, म्हणून संध्याकाळी जा. मुलांना सोबत न्या आणि खेळताना घालायचे मोजेच घाला. दोन्ही पावले उभे राहून मोजा. ती सहसा अगदी सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप धरा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोटच लांब असते, तेही पाहा. वाढत्या पायासाठीची सोय यातच आली. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. दीड नंबर मोठा बूट म्हणजे जवळजवळ तेरा मिलिमीटर जादा लांबी. तेवढे पाऊल आत सरकते, नखे आदळून काळी पडतात आणि टाच निसटते.

लेस वरच्या भोकापर्यंत नीट बांधून दुकानातच चाला, डावीउजवीकडे सरका, उडी मारा, झटकन थांबा. टाच उचलली गेली किंवा बोटे पुढे आदळली, तर तो बूट परत ठेवा. बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा. तो चवड्याशी वाकायला हवा, मधोमध दुमडायला नको. ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर नकोच. टाचेमागचा भाग चिमटीत सहज चेपला जाता कामा नये. तळ रुंद आणि सपाट हवा. धावण्याचे जाड, मऊ तळाचे बूट सरळ धावण्यासाठी असतात. बाजूला झेपावताना त्यांवरून पाय कलंडू शकतो. सिमेंटच्या उघड्या मैदानावर खेळायचे असेल तर कठीण रबराचा, खोल नक्षीचा तळ घ्या. नक्षी झिजून गुळगुळीत झाली की बूट बदला. खेळाचे बूट शाळेत, बाजारात घालू नका, म्हणजे ते जास्त टिकतील. आणि बुटावर कोणत्या खेळाडूचे नाव आहे, याने घोट्याला काही फरक पडत नाही.

बुटापेक्षा मोठे संरक्षण मात्र फुकट मिळते. एका पायावर उभे राहायचे, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग चेंडू झेलत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात शालेय फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या ७६५ खेळाडूंपैकी ज्यांनी असे तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, त्यांच्यात घोटा मुरगळण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी होते.

पाय मुरगळलाच, तर पहिले दोन-तीन दिवस मालीश आणि शेक टाळा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. चार पावले टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा नाजूक भाग असतो, त्यालाही इजा होऊ शकते.

पंधरा दिवसांनी मायलेकी परत आल्या. सूज नव्हती, दुखतही नव्हते. मी मुलीला डोळे मिटून एका पायावर उभी केली आणि मोजायला तिलाच सांगितले. डाव्या पायावर वीसपर्यंत पोहोचली, उजव्यावर चारला पाय टेकला. ती काही क्षण गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे या वर्षी नाही." मी मान हलवली. आईने मात्र पिशवीतून मापाचे बूट काढून दाखवले. मोठे तिने पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवले होते. मी म्हटले, "तोवर रोज मोजत राहा. उजवा पायही वीसपर्यंत पोहोचला की पुन्हा या."