हरिहरेश्वरला निघण्याआधी चांदची तारीख पाहा

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आठच्या सुमारास आम्ही नऊ जण हरिहरेश्वरच्या देवळामागच्या खडकांवर उतरलो. डोंगराच्या कपारीतून पायऱ्या खाली जातात आणि एकदम समोर समुद्र येतो. वारा आणि लाटांनी जाळीसारखे पोखरलेले ते खडक पाहून मुले वेडी झाली. भाविक याच वाटेने प्रदक्षिणा घालतात, आम्ही मात्र खडक पाहायला आलो होतो. फोटो, व्हिडिओ, पुन्हा फोटो. पाऊण तास कसा गेला कळले नाही. मागून एका फुलवाल्या मावशींची हाक आली, "ओ बाई, पोरं घ्या मागं! पाणी भरतंय!"

वळून पाहिले तर येताना कोरडी असलेली खोलगट जागा पाण्याने भरली होती. माझा नऊ वर्षांचा भाचा पलीकडे होता. माझे मिस्टर त्याला उचलून आणायला उतरले, तेव्हा पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होते आणि एका लाटेने त्यांचा पाय सुटला. एका स्थानिक माणसाने हात दिला म्हणून दोघे वर आले. गुडघे सोलवटले, चष्मा गेला. अल्हम्दुलिल्लाह, एवढ्यावरच निभावले.

वर आल्यावर मावशी रागावून म्हणाल्या, "आज पुनव हाय. पुनवेला दुपारी उधाण. कुणाला इचारायचं तरी!"

मला शरम वाटली ती वेगळ्याच कारणाने. आदल्या रात्री अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात बसून म्हणाल्या होत्या, "चौदहवीचा चांद आहे, बघ किती रोशन." आमच्या घरात चांदची तारीख तोंडपाठ असते. रमजान, ईद, शबे-बरात, सगळे त्यावर. आणि समुद्रही त्याच तारखेवर चालतो, हे आम्हा घाटावरच्या माणसांच्या डोक्यात कधी आलेच नव्हते.

म्हणून यंदा मे महिन्यात जे कुटुंब हरिहरेश्वरचा बेत करत असेल, त्यांना सांगते: गाडी आणि खोली ठरवण्याआधी चांदची तारीख पाहा.

हिशेब सोपा आहे. दिवसरात्र मिळून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र पूर्ण असतो तेव्हा आणि अमावास्येला, म्हणजे हिजरी महिन्याच्या १४-१५ च्या आणि २९-३० च्या आसपास, पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. याला उधाण म्हणतात. या दिवसांत रायगडच्या किनाऱ्यावर भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास असते. ज्यांच्या घरी अय्यामे-बीजचे १३, १४, १५ चे रोजे ठेवतात, त्यांना लक्षात ठेवायला सोपे: ते रोजांचे दिवस म्हणजे उधाणाचे दिवस. उलट ८ आणि २२ तारखेच्या आसपास चंद्र अर्धा असतो, तेव्हा पाण्याचा चढ-उतार कमी असतो. कोळी त्याला भांग म्हणतात. त्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते, म्हणजे बरोबर जेव्हा सगळे किनाऱ्यावर असतात तेव्हा.

मला विचाराल तर मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बरोबर असताना चांदच्या २ ते ४ किंवा १७ ते १९ या तारखा उत्तम. तेव्हा ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. फजर झाली, चहा झाला की सातला खडकांवर जायचे, पाणी उतरत असताना पाहून घ्यायचे आणि ओहोटीची वेळ व्हायच्या आत परत फिरायचे. भरती येते दुपारी दोन-अडीचला, जेव्हा मे महिन्याच्या उन्हात खोलीबाहेर पडण्याची कुणाची हिंमत नसते. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. पण तिथे पोहोचल्यावर स्थानिकांना विचारल्याशिवाय खडकांवर उतरू नका. तक्ता लाटा दाखवत नाही, आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाआधीचा समुद्र खवळू लागतो.

भाच्याची गोष्ट हसत सांगण्यासारखी झाली, पण दरवेळी तसे होत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली चौदा मुले-मुली बुडाली. आपल्यातल्या कितीतरी घरांचे त्यात जवळचे होते. तो किनारा तर खडकाळही नव्हता, साधी वाळू. पाणी ओसरत असताना ते पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही आत ओढते. म्हणून ओहोटी चालू असताना पोहणे नाही, पाय भिजवणे एवढेच, हा आमच्या घरचा नियम झाला आहे. दीर त्याची थट्टा करतात.

दीर जर्मनीत असतात. ते लोक ऑगस्टमध्ये तुर्कस्तानला, अंताल्याच्या बाजूला जातात. भर उन्हाळा, पारा पस्तिशीच्या वर, निम्मा युरोप त्या किनाऱ्यावर. जाऊबाई सांगते की सकाळी एकदा छत्री रोवली की संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. भूमध्य समुद्राला बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, वीतभर-हातभर फरक. आपल्याकडे मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते, दक्षिणेला थोडे कमी. त्यामुळे तिकडच्या सवयी घेऊन आलेला माणूस इथे फसतो. पण तिची एक गोष्ट मला लागली. ती म्हणाली, "तिकडे अलान्यात अशी हॉटेले आहेत जिथे बायकांसाठी वेगळा किनारा असतो. आम्ही सगळ्या पोहतो. तुम्ही हरिहरेश्वरला काय करता?"

खरे सांगायचे तर आम्ही बॅगा सांभाळत होतो. पुरुष आणि मुले पाण्यात, आम्ही वाळूवर बुरख्यात, टॉवेल आणि चपला घेऊन. एखादीने धीर करून पाऊल टाकलेच तर ती सुती अबाया घालून. ओला झालेला लांब सुती कपडा किती जड होतो आणि लाटेत पायांत कसा अडकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला कळेल. तो पडदा राहत नाही, दोरखंड होतो. पाण्यात उतरायचे तर नायलॉन किंवा पॉलिस्टरची गडद, सैल विजार, त्यावर गुडघ्यापर्यंतचा त्याच कापडाचा लांब बाह्यांचा झगा आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी किंवा शिवलेला हिजाब. तयार पोशाखही मिळतो, पण आमच्या नणंदेने पाचही जणींसाठी घरीच शिवले. दुपट्टा, पिना, बांगड्या खोलीवर.

वेगळा किनारा इथे नाही, पण वेगळी वेळ आहे. मेमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठपर्यंत हरिहरेश्वरचा किनारा जवळपास रिकामा असतो. मुंबई-पुण्याची गर्दी उशिरा उठते. फजरनंतरचे ते दीड-दोन तास आम्ही बायकांनी ठेवले आहेत. पुरुष काठावर उभे राहून मुले आणि चपला सांभाळतात. त्या दीड तासात जी तीस-चाळीस पावले कंबरेइतक्या पाण्यात चालता येतात, ती माझ्यासाठी पूर्ण सुट्टी आहे. (मिस्टरांना चपला सांभाळायचे काम फारसे आवडले नाही, हेही लिहायला हवे.) खडक एका सकाळी, पाणी दुसऱ्या सकाळी, म्हणून दोन रात्री तरी हव्यात. आणि पाण्याच्या सकाळी ओहोटी कधी पूर्ण होते ते पाहून, पाणी हलके परतू लागल्यावरच उतरायचे.

आता गर्दीचे. शनिवार-रविवार टाळा. मे महिन्यात त्या दोन दिवसांचे भाडे आम्हाला इतर वारांच्या दीडपट-दुप्पट सांगितले गेले, आणि पहिल्या खेपेला तर जी खोली फोनवर ठरली होती ती पोहोचल्यावर दुसऱ्यालाच दिलेली निघाली. नऊ जणांनी एका खोलीत, एका संडासावर रात्र काढली. अम्मींचे गुडघे आणि तो भारतीय पद्धतीचा संडास, दुसऱ्या दिवशी त्या काहीच खाईनात. कारण कुणाला सांगेनात, मला मात्र कळले. म्हणून आता फोनवर तीन प्रश्न आधी: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, वीज गेली तर पंखा चालतो का. भाडे चौथे.

तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि गावात घरगुती सोयीही पुष्कळ. त्यांतली बरीच घरे शाकाहारी आहेत. आधी विचारा, आणि शाकाहारी घर असेल तर बाहेरून मटण आणून त्यांच्या अंगणात उघडू नका. त्यांच्या हातचे उकडीचे मोदक आणि सोलकढी खा, त्यात कमीपणा नाही. मासळी सहज मिळते, पण ३१ मेपर्यंतच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. झबीहाचे मटण-चिकन हवे तर श्रीवर्धन किंवा म्हसळ्याच्या बाजारात जावे लागते. श्रीवर्धन वीसेक किलोमीटरवर. हा सगळा मुलूख एकेकाळी जंजिऱ्याच्या संस्थानात होता. श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन इथे आपली जुनी वस्ती आहे, मशिदी आहेत. शुक्रवार मध्ये येत असेल तर जुम्याची सोय तिकडे करा. नमाजसाठी खोलीवर दिशा विचारावी लागत नाही, किब्ला समुद्राच्या बाजूलाच. प्रवासातल्या कस्रचा मसला शाफई आणि हनफी घरांत वेगळा आहे, तो निघण्याआधी आपल्या इमामांना विचारून घ्या. वाटेत गाडीत वाद नको.

घरून काय न्यावे यावर दरवर्षी भांडण होते. माझे मत पक्के: पहिल्या दिवसाचा डबा तेवढा न्यावा, तिखट पुऱ्या आणि सुकी चटणी. खिमा मेच्या उन्हात माणगावपर्यंत टिकत नाही. स्टोव्ह, पातेली, मसाल्याचे डबे अजिबात नाहीत. तीन वेळचा स्वयंपाकच करायचा असेल तर घर काय वाईट होते?

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा रस्ता. मुंबईहून गोवा महामार्गाने माणगावपर्यंत आणि तिथून आत. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानकही माणगावच. एसटीने गेलात तर महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तर वर्षांवरच्यांना मोफत. आमच्यासारख्या पाच बायकांच्या कुटुंबात तो फरक मोठा पडतो. तारखा मोकळ्या असतील तर एक दिवस बागमांडल्याला जाऊन फेरीने सावित्रीच्या खाडीपलीकडे वेशवीला उतरा. गाडीसकट माणसे नेणारी ती बोट मुलांना समुद्रापेक्षा आवडली. रविवारी मात्र तिथे गाड्यांची रांग लागते.

सावलीची एक गोष्ट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, पण सुपारीच्या झाडाला फळ धरायलाच काही वर्षे लागतात, सावलीला त्याहून जास्त. जुन्या फोटोंत दिसणारी गर्द वाडी सगळीकडे मिळेल असे धरून चालू नका. टोप्या, छत्री, आणि म्हाताऱ्यांसाठी मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवा. बारा ते चार खोलीत.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. मंगळवार ते गुरुवार, चांदची १७, १८, १९. पहिल्या संध्याकाळी त्या फुलवाल्या मावशींना शोधून भेटलो. त्यांना आम्ही आठवत नव्हतो. म्हणाल्या, दर सुट्टीत कुणाला तरी हाका मारते. अम्मींनी त्यांना घरची खजूर दिली आणि दोघी गुडघ्यांच्या दुखण्यावर अर्धा तास बोलल्या.

अम्मींची यंदाची अट एकच होती, पाण्याजवळ बसायला प्लास्टिकची खुर्ची. दुसऱ्या दिवशी असरनंतर खुर्ची लाटेच्या काठावर ठेवली, त्यांनी मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले. ओहोटी चालू होती. दर दहा मिनिटांनी पाणी त्यांच्या पायांपासून लांब जाई आणि त्या भाच्याला हाक मारत, "बेटा, खुर्ची पुढे घे." मगरिबपर्यंत त्याने ती सात वेळा सरकवली.