घरचे बियाणे

'पेराल तसे उगवेल' ही म्हण शाळेत असताना आपण सर्वांनी फळ्यावर वाचली आहे. तिचा अर्थ सांगताना गुरुजींनी बऱ्यावाईट कर्माचा दाखला दिला असेल. पण ही म्हण मूळची शेतातली, आणि शेतात ती आज नेहमीच खरी ठरत नाही, हे मला एका टोमॅटोने शिकवले. बाजारातून आणलेल्या टपोऱ्या टोमॅटोचे बी वाळवून मी कुंडीत लावले. रोपे जोमाने वाढली. पण फळे धरली तेव्हा एका झाडाला बोराएवढी, दुसऱ्याला चपटी, तर तिसऱ्याला जवळजवळ नाहीतच. असे का व्हावे? मी कला शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही ग्रंथालयातली पुस्तके आणि घरची आजी या दोहोंकडून जे उमगले, ते येथे मांडत आहे.

तो टोमॅटो संकरित होता. दोन निरनिराळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीची सारी झाडे एकसारखी आणि जोमदार येतात. त्या पिढीचे बी धरून पेरले, की आजी-आजोबांचे गुण विलग होऊन नव्याने जुळतात आणि झाडागणिक फळ बदलते. मेंडेल या मठवासी धर्मगुरूने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत याचे मर्म आहे. म्हणून संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. ते वाईट असे मुळीच नाही; त्याचे उत्पन्न भरघोस असते. पण त्याचे बी घरात टिकत नाही, एवढेच.

गावरान वाणाचे तसे नसते. पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणि पेरून तो स्थिरावलेला असतो. विकतच्या बियाण्यातही सारेच संकरित नसते. 'परभणी क्रांती' ही भेंडी किंवा 'पुसा रुबी' हा टोमॅटो हे सुधारित, पण सरळ वाण आहेत. त्यांचे बी धरता येते. तेव्हा पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिले आहे का, ते आधी पाहावे. आणखी एक गंमत म्हणजे, गावरान ते सारे अस्सल इथलेच असे नव्हे. मिरची, टोमॅटो, झेंडू, गुलबक्षी ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्या आज्या-पणज्यांनी बी राखून त्यांना आपल्या अंगणातली केली.

बी राखायचे तर फुलाचा स्वभाव कळला पाहिजे. वाटाणा, घेवडा, टोमॅटो यांची फुले बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. नवशिक्याने यांपासूनच आरंभ करावा. वांगी, मिरची, भेंडी यांवर मधमाश्या थोडीबहुत सरमिसळ करतात, म्हणून बियासाठी एका वेळी एकच वाण लावलेला बरा. भोपळवर्गीय वेलींवर नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात. मादीफुलाच्या पाठीशी इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. तेथे पराग कोठून येईल याचा नेम नाही. दुधीचा लाल भोपळ्याशी संकर होत नाही, कारण दोहोंची जात निराळी. पण ज्याच्या वाळल्या कवचाचे सतारीचे भोपळे होतात, तो कडू भोपळा दुधीचाच सख्खा. त्याचा पराग लागला तर यंदाचा दुधी गोडच राहतो. पुढच्या वर्षी त्या बियांच्या वेलीला कडू फळ येते. असा कडू दुधी मुळीच खाऊ नये; तो विषारी असतो. संकर टाळण्याचा उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्यांची तोंडे दोऱ्याने बांधावीत, उमलण्याच्या वेळी सोडून नरफुलाचा पराग मादीफुलाला लावावा आणि मादीफूल पुन्हा बांधून त्या देठाला चिंधी अडकवावी.

आता बी धरण्याविषयी. पहिला नियम आजीचा : सर्वांत चांगले फळ खायचे नाही, बियाला सोडायचे. आपण बहुधा उलट करतो. चांगले खाऊन उरलेसुरले बियाला ठेवतो आणि मग वाण बिघडला म्हणतो. घेवड्याच्या शेंगा वेलावरच कडकडीत वाळू द्याव्यात. वांगे पिवळे पडेपर्यंत, दुधीची साल लाकडासारखी टणक होईपर्यंत झाडावर राखावा. टोमॅटोच्या बियांभोवती बुळबुळीत आवरण असते. तो गर भांड्यात दोन-तीन दिवस आंबवून मग धुतला की बी मोकळे होते. झेंडूच्या सुकल्या फुलातल्या काळ्या काड्या म्हणजेच त्याचे बी. गुलबक्षीचे बी मिऱ्यासारखे, अलगद वेचता येते. तेरड्याचा रंग तीन दिवस, तशी त्याच्या बोंडाची घाईही मोठी. हात लागताच ते फुटते आणि बी उडते. म्हणून पिवळसर होताच बोंड मुठीत धरून खुडावे.

ओल ही बियाची वैरीण. सावलीत खडखडीत वाळवून, कोरडी राख घालून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. बरणीवर नाव आणि साल लिहावे. पेरताना माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारखे घ्यावे; डब्याच्या बुडाला भोके पाडावीत. बियाच्या जाडीच्या दोन-तीनपट खोल पेरावे, अधिक नको. टोमॅटो-वांग्याची रोपे महिन्याभराने हलवावीत; दुधी-भोपळा मात्र जागच्या जागीच लावावा, त्याच्या मुळांना हलवणे सोसत नाही.

एवढे केले तरी बी अमर होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंश सेल्सिअसला बियाणे ठेवतात, तेथेही ते अधूनमधून तपासावे आणि पुन्हा पिकवावे लागते. मग माळ्यावरच्या मडक्याची काय कथा! आमच्याकडे जांभळ्या कडेचा एक घेवडा होता. घराला स्लॅब पडला, परसू गेले, आणि चार वर्षे तो कोणी लावलाच नाही. गेल्या पावसाळ्याआधी मी मडके उतरवले तेव्हा राखेत धड असे बारा दाणे निघाले. ओल्या फडक्यात ठेवले, दोनच मोडले. "दरसाल लावलं नाही तर बी रुसतं, बाई," आजी म्हणाली. त्या दोन रोपांतले एक शेजारच्या शेळीने खाल्ले. उरलेले एक तेलाच्या डब्यात वाढून गच्चीच्या गजांवर चढले. भोगीच्या भाजीला आईने शेंगा मागितल्या, मी दिल्या नाहीत. आई दोन दिवस बोलली नाही.

असे एकेका घरातून किती वाण निघून गेले असतील! अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाणे घरात जमवले, लावले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या देशाच्या २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क मान्य केला आहे. पण हक्क कागदावर राहून बी उगवत नाही. त्याला दरसाल माती लागते.

त्या एका वेलाचे मला साठ दाणे मिळाले. वीस घरी ठेवले आहेत. एकाच बरणीत सारे ठेवण्याची चूक पुन्हा करायची नाही, म्हणून उरलेले चाळीस चार-चार करून दहा जणांना देणार आहे. घेवडा पावसाच्या तोंडावर लावतात. हा अंक हाती पडल्यावर पुष्कळ अवधी राहील. ज्यांना हवेत त्यांनी वर्गात येऊन मागावेत. अट एकच : पहिल्या शेंगा भाजीला खुडू नयेत, आणि पुढच्या वर्षी चार दाणे आजीला परत आणून द्यावेत.

(द्वितीय वर्ष, कला)