रेपो दराचा आलेख : तिरपी रेषा की पायरी?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची परिवर्तनशील दराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, बहुतांशी रेपो दराशी, निगडित झाली. त्यामुळे हप्ता वाढला की ग्राहक विचारतात, 'दर नेमका केव्हा वाढला?' तारीख आणि दर अशा दोन स्तंभांचा तक्ता संगणकास देऊन याचे उत्तर आलेखाने दाखविता येते. मात्र तो काढताना एक गल्लत हमखास होते.

चेन्नईच्या टी. नगरमधील सराफी पेढ्यांवर सोन्याचा भाव रोज नव्याने लागतो. असे रोजचे बिंदू सरळ रेषेने जोडले तरी फारसे बिघडत नाही. रेपो दराचा स्वभाव निराळा. २२ मे २०२० रोजी तो ४.०० टक्के झाला आणि ४ मे २०२२ रोजी ४.४० टक्के होईपर्यंत तसूभरही हलला नाही. हे दोन बिंदू तिरप्या रेषेने जोडल्यास २०२१ च्या मध्यास दर ४.२० टक्के होता असे दिसेल. असा दर कधीच नव्हता! त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत, अवघ्या नऊ महिन्यांत, तो ६.५० टक्क्यांवर गेला. कर्जदारास बसलेला धक्का तिरप्या रेषेत बोथट होतो.

पायथन भाषेत 'पांडाज' हे साधन तक्ता वाचते आणि 'मॅटप्लॉटलिब' आलेख काढते. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात.) तक्ता वाचवितानाच तारखेचा स्तंभ तारीख म्हणून घ्यावा व दिवस आधी येतो हे सांगावे, अन्यथा ४-५-२०२२ ही तारीख ५ एप्रिल म्हणून वाचली जाऊ शकते. तारखा नुसता मजकूर राहिल्यास दोन वर्षांचे आणि पाच आठवड्यांचे अंतर आलेखात सारखेच पडते.

मग 'प्लॉट' ऐवजी 'स्टेप' ही आज्ञा द्यावी. तीत 'व्हेअर' चे मूल्य 'पोस्ट' ठेवावे, म्हणजे प्रत्येक दर पुढील निर्णयापर्यंत आडवा चालतो. काहीच न सांगितल्यास संगणक 'प्री' धरतो आणि मे २०२२ ची वाढ थेट मे २०२० पासूनच लागू झाल्याचे दाखवितो.

तक्त्याच्या अखेरीस आजची तारीख व शेवटचाच दर अशी एक ओळ जोडावी. ती नसल्यास शेवटचा निर्णय आलेखात पायरी न होता नुसते टोक म्हणून उरतो.