इंजिनातली काजळी : घरी किती काढावी, कुठे थांबावे?

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सहा महिन्यांनी खाली उतरवला की काय दिसते, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. पात्यांवर काळपट, चिकट थर! फोडणीची वाफ आणि धूळ एकमेकींना भेटतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. नुसत्या पाण्याने तो थर जात नाही, नखाने खरवडला तरी पुरता निघत नाही. आता अशी कल्पना करा की हा थर पंख्यावर नसून तुमच्या मोटारीच्या इंजिनात, हवा आत जाण्याच्या दारावरच बसला आहे. मग गाडी सकाळी थरथरते, चढावर दम टाकते, पेट्रोल जास्त पिते. यात नवल ते काय?

आपल्या कारंजा (घाडगे) सारख्या गावी मोटार ही आता चैन राहिलेली नाही. नागपूर आणि अमरावती यांच्या साधारण मध्यावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या सहा नंबरच्या हमरस्त्यावर आपले गाव. मोठे दुकान, मोठे कॉलेज, मोठा डॉक्टर, सारे काही तास-दीड तासाच्या अंतरावर. रात्री-अपरात्री सासूबाईंना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरला न्यायची वेळ आली, तर दारातली गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली पाहिजे. म्हणून हा विषय पुरुषमंडळींचा म्हणून पान उलटू नका, बरं का!

ही काजळी येते कुठून?

आपल्या आया-मावशांच्या काळात घरोघरी स्कूटर होती. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि तिच्याबरोबर ‘डीकार्बोनायझिंग’ हा शब्दही घरात आला. त्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. ते जळून सायलेन्सरमध्ये आणि हेडवर कार्बन साचे. मग मेकॅनिक हेड उघडून तो खरवडून काढी आणि गाडी पुन्हा सुरळीत चाले.

पुढे मोटारींत एमपीएफआय पद्धत रुळली. तिच्यात पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेवर उडतो. (हा सिलिंडर गॅसचा नव्हे, इंजिनातला!) तिथून पेट्रोल आणि हवा मिळून आत जातात. जाताना पेट्रोल तिथल्या झडपेला, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हला, आपोआप धुऊन काढते. भांडी घासताना मोरीवर नळ सतत वाहता असला की मोरी चिकट होत नाही, तसेच हे.

‘डायरेक्ट इंजेक्शन’मध्ये मात्र पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत उडवतात. ही युक्ती तशी जुनीच. मर्सिडीज-बेंझने १९५४ च्या ३०० एसएल गाडीत ती वापरली होती, आणि १९९६ साली मित्सुबिशीने जपानमध्ये तिला आधुनिक रूप दिले. फायदा मोठा : लहान इंजिनातून जास्त ताकद आणि पेट्रोलची बचत. पण झडपेला मिळणारी पेट्रोलची आंघोळ बंद झाली! इंजिनाच्या पोटातल्या ऑइलची वाफ मात्र बाहेर न सोडता हवेच्या वाटेनेच पुन्हा आत पाठवतात. ती वाफ गरम झडपेच्या पाठीवर बसते, भाजते, आणि थरावर थर चढत जातो.

आपली गाडी या जातीची आहे का?

आधी हे पाहा, मगच पुढचा खटाटोप. गाडीच्या पुस्तकात किंवा पाठीमागच्या अक्षरांत जीडीआय, टी-जीडीआय, टीएसआय, टीजीडीआय असे काही दिसले, तर गाडी डायरेक्ट इंजेक्शनची. व्हेन्यूचे टर्बो पेट्रोल इंजिन, टायगुन, कुशाक, एक्सयूव्ही ७०० चे पेट्रोल इंजिन, फ्राँक्सचे बूस्टरजेट ही या घरातली मंडळी. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गाड्या मात्र जुन्याच पद्धतीच्या. त्यांच्या झडपा पेट्रोल धूत असते. तेव्हा कोणी वॅगनआरच्या ‘व्हॉल्व्हची काजळी’ काढण्याचे पैसे मागू लागला, तर दोनदा विचार करा.

आजच्या डिझेल गाड्यांतही डिझेल थेट सिलिंडरमध्येच उडते, आणि त्यांच्या हवेच्या वाटेत धुराची काजळी साचतेही. पण त्यांचे औषध वेगळे. पेट्रोल गाडीसाठीचा सफाईचा फवारा डिझेल गाडीत कधीही मारू नका. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, तिथे दाबाच्या उष्णतेनेच पेट होतो. ज्वालाग्राही फवारा हवेबरोबर आत गेला, तर तो नको त्या क्षणी पेटतो आणि इंजिनच मोडते.

आधी निदान, मग औषध

ताप आला की आपण लगेच टायफॉइडची गोळी देत नाही. तसेच इथे. थंड इंजिन थरथरणे, गाडीचा जोर कमी होणे, इंजिनाचा पिवळा दिवा लागणे ही काजळीची लक्षणे खरी, पण खराब प्लग, बिघडलेली कॉइल, तुंबलेला एअर फिल्टर यांचीही लक्षणे हीच असतात. ही दुखणी स्वस्तातली, म्हणून ती आधी तपासून घ्या.

दुधाचा हिशेब लिहिता ना? तशीच एक वही गाडीत ठेवा. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. मधले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर, झाला ॲव्हरेज. समजा, ४२० किलोमीटरला २८ लिटर लागले, म्हणजे १५. काही महिन्यांनी त्याच वापरात २८ लिटरमध्ये ३३६ च किलोमीटर झाले, म्हणजे १२. तर काहीतरी बिघडले आहे, हे गॅरेजवाल्याच्याही आधी तुम्हाला कळेल.

घरी बिनधोक करता येण्यासारखे

*एअर फिल्टर.* आपल्याकडे संत्र्याच्या बागेची वाट धुळीची, आणि कपाशीच्या दिवसांत हवेत तंतू उडतात. फिल्टरची पेटी बहुतेक गाड्यांत चिमट्यांनी किंवा दोन-चार स्क्रूंनी उघडते. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटका. पाण्याने मुळीच धुऊ नका. काळाकुट्ट झाला असेल तर नवा घाला. पेटीत पडलेला पाला-पाचोळा ओल्या फडक्याने टिपून घ्या.

*ऑइल.* काजळीचे मूळच ऑइलच्या वाफेत आहे, तेव्हा खरी काळजी इथेच. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच ऑइल घाला. गाडी कमी चालते म्हणून ऑइल बदलणे लांबणीवर टाकू नका. किलोमीटर किंवा महिने, जे आधी पुरे होतील ते धरा. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगले, असे मुळीच नाही.

*थ्रॉटल बॉडी.* हवेच्या वाटेवरचे हे गोल पाते. ते मळले की गाडी उभ्या जागी डगमगते. सहज हाताला लागत असेल आणि गाडी वॉरंटीत नसेल, तरच हे काम घ्या. टर्बो गाडीत ते पुष्कळदा आत दडलेले असते, तेव्हा सरळ सोडून द्या. करायचेच तर असे करा :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली काढून घरात ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

२. हवेच्या नळीची क्लिप सैल करून नळी बाजूला घ्या. आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला, तर लावताना घोटाळा होत नाही.

३. थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारा, थेट आत ओतू नका. पाते आणि भोवतालची कड हलक्या हाताने पुसा. कोपऱ्यासाठी जुना मऊ टूथब्रश चालेल.

४. पाते स्क्रूड्रायव्हरने रेटू नका. ते मोटरवर चालते आणि तिचे दाते नाजूक असतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरला हा क्लीनर लागू देऊ नका.

५. नळी घट्ट बसवा. फट राहिली तर गाडी आधीपेक्षा वाईट चालेल. सुरू केल्यावर थोडा वेळ इंजिन वर-खाली झाले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते आपोआप सावरते. न सावरल्यास गॅरेजमध्ये कॉम्प्युटरवर ‘रीसेट’ करावे लागते.

पदर खोचा, बांगड्या उतरवा!

बॅटरीजवळ हात घालताना सोन्याच्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा आणि मंगळसूत्र आत घ्या. धातू दोन्ही टोकांना लागला की क्षणात लालभडक होतो. पदर, ओढणी, वेणी आवळून बांधा. पुढचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू शकतो. हातमोजे आणि चष्मा वापरा. क्लीनर पेट घेणारा असतो, तेव्हा जवळपास चूल, उदबत्ती, विडी काही नको. बंद पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातल्या विषारी वायूला वासच नसतो. मळकी फडकी चुलीत घालू नका आणि जुने ऑइल नाल्यात सोडू नका. आपल्या गावचा नाला शेवटी नदीलाच मिळतो.

इथे मात्र थांबा

आता मुख्य प्रश्न : झडपेच्या पाठीवरचा तो भाजलेला थर घरी काढता येतो का? प्रामाणिक उत्तर : पुरता नाही.

पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या चांगल्या औषधांनी इंजेक्टरचे तोंड आणि सिलिंडरची आतली बाजू साफ व्हायला मदत होते. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल झडपेच्या पाठीला शिवतच नाही, तर औषध तिथे पोचणार कसे?

चालू इंजिनाच्या हवेत मारायचे फवारे निघाले आहेत. थर पातळ असेल तर त्यांचा थोडा उपयोग होतो. पण आपल्याकडच्या बहुतेक डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्या टर्बोच्या आहेत. सुटलेला टणक तुकडा टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर आदळला, तर स्वस्तातली सफाई भलतीच महागात पडते. म्हणून कंपनीची लेखी संमती नसेल तर हा प्रयोग अंगणात नको.

आणि रॉकेल, थिनर, पाणी? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत काही मेकॅनिक थेंब-थेंब पाणी सोडत. ती विद्या आता विसरा. पाणी हवेसारखे दबत नाही. घोटभर पाणी सिलिंडरमध्ये साचले, तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते.

खरा उपाय ऐकून तुम्हाला हसू येईल : अक्रोडाची टरफले! कारागीर हवेची नळकांडी काढतो, त्या सिलिंडरच्या झडपा बंद आहेत याची खात्री करतो आणि टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने झडपेवर मारतो. दुसऱ्या नळीने तो लगेच ओढून घेतो. टरफल काजळी उडवण्याइतके कठीण, पण धातूवर ओरखडा न उठवण्याइतके मऊ. आपण कढई राखेने घासतो ना, अगदी तसेच! मात्र झडप उघडी राहिली तर भुगा सिलिंडरमध्ये जातो, म्हणून हे जाणत्याचेच काम.

गॅरेजमध्ये हे विचारा

“वहिनी, तुमाले काय समजते त्यातलं, आम्ही पाहून घेतो,” असे कोणी म्हणाले, तर हसून पुढचे प्रश्न विचारा :

१. प्लग, कॉइल आणि कॉम्प्युटरवरचे कोड तपासले का?

२. बारीक कॅमेरा घालून झडपांचा फोटो दाखवाल का? काम झाल्यावर पुन्हा दाखवाल का?

३. नळकांडी काढून सफाई करणार, की नुसता फवारा मारणार?

४. नवी गॅस्केट बसवणार का?

५. खर्च लिहून द्याल का? वॉरंटीला बाधा तर येणार नाही ना?

या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा कारागीर मिळाला, तर त्याला सोडू नका.

साचूच नये म्हणून

घर ते बाजार, बाजार ते शाळा, जेमतेम दीड किलोमीटर. एवढ्यात इंजिन तापतही नाही. अर्धवट जळलेले पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते आणि त्याचीच वाफ पुन्हा झडपेवर जाते. तेव्हा जवळची कामे पायी किंवा सायकलने उरका, किंवा चार कामांची एकच फेरी करा. आठवड्यातून एकदा महामार्गावर कोंढाळीच्या किंवा तळेगावच्या दिशेने अर्धा तास एका लयीत गाडी चालवा. बसलेला थर त्याने निघणार नाही, पण ऑइलमधली ओल उडून जाईल. लांबून आल्यावर अर्धा मिनिट इंजिन तसेच चालू ठेवा, म्हणजे टर्बो निवतो.

पंख्याचा चिकटा दर महिन्याला पुसला तर दिवाळीला घासावा लागत नाही, हे आपण जाणतोच. तर मग येत्या रविवारी दुपारची आवराआवर झाली की बॉनेट उघडा, डिपस्टिक पाहा, फिल्टर झटका, आणि वहीचे पहिले पान लिहा. मुलीलाही शेजारी उभी करा. उद्या गाडी तीच चालवणार आहे!