दवाखान्यातील पत्रव्यवहार

दवाखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर, परिचारिका, औषधांच्या बाटल्या आणि इंजेक्शनची सुई येते. पण दवाखान्यात आणखी एक वस्तू रात्रंदिवस काम करीत असते. ती म्हणजे लिहिलेला कागद. रुग्णाचे नाव नोंदवल्यापासून तो बरा होऊन घरी जाईपर्यंत त्याच्याबरोबर कागद फिरत असतो. बोललेले शब्द विसरले जातात. लिहिलेले मात्र मागे राहतात. म्हणून दवाखान्यातील लेखन हाही उपचाराचाच एक भाग आहे.

दवाखान्यातील कागदांचे अनेक प्रकार आहेत. रुग्ण प्रथम येतो तेव्हा त्याचा केसपेपर काढतात. त्यावर नाव, वय, पत्ता, तक्रार आणि तपासणीत काय आढळले याची नोंद असते. औषधाची चिठ्ठी औषध दुकानदारासाठी असते. तपासणीचा अहवाल प्रयोगशाळेकडून येतो. रुग्ण रुग्णालयातून घरी जाताना त्याला डिस्चार्ज कार्ड मिळते. शाळेत किंवा कचेरीत रजेसाठी लागते ते वैद्यकीय प्रमाणपत्र.

या सर्वांत महत्त्वाची आहे संदर्भ चिठ्ठी. महाराष्ट्रातील खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे असतात. आजार गंभीर असला तर तेथील डॉक्टर रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पहिले डॉक्टर काही रुग्णाबरोबर जात नाहीत. त्यांची चिठ्ठी जाते. तीच त्यांच्या वतीने बोलते.

चांगल्या संदर्भ चिठ्ठीत पाच गोष्टी असाव्या लागतात. रुग्ण कोण आहे? त्याला काय होते आहे आणि केव्हापासून? आतापर्यंत कोणते औषध, किती आणि किती वाजता दिले? कोणते औषध त्याला सोसत नाही? पुढच्या डॉक्टरांनी काय करावे अशी अपेक्षा आहे? समजा, एखाद्या रुग्णाला पेनिसिलीन सोसत नाही. ही गोष्ट पहिल्या डॉक्टरांना ठाऊक आहे, पण त्यांनी ती चिठ्ठीत लिहिली नाही. रुग्ण बेशुद्ध आहे, म्हणून तो स्वतः सांगू शकत नाही. अशा वेळी नव्या ठिकाणी तेच औषध दिले गेले, तर त्याचे प्राण धोक्यात येतील. एक ओळ लिहायची राहिली, एवढेच त्याचे कारण असेल!

अक्षर सुवाच्य असणेही तितकेच आवश्यक आहे. अनेक औषधांची नावे एकमेकांसारखी दिसतात. अक्षर लागले नाही तर एका औषधाऐवजी दुसरे दिले जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव स्पष्ट आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम भारतात २०१६ साली करण्यात आला. आकडे लिहितानाही काळजी घ्यावी लागते. ‘१.०’ असे लिहिले आणि मधले टिंब पुसट असले, तर वाचणारा ‘१०’ समजतो. म्हणून नुसते ‘१’ लिहावे. याउलट अर्धा लिहिताना ‘.५’ असे न लिहिता ‘०.५’ असे लिहावे. टिंब दिसले नाही तर ‘.५’ चे ‘५’ होतात आणि औषध दहापट दिले जाते.

मोठ्या रुग्णालयात पत्रांसाठी आवक-जावक नोंदवही ठेवतात. बाहेरून आलेले पत्र आवक आणि येथून गेलेले पत्र जावक. प्रत्येक पत्राला क्रमांक व तारीख देतात. पत्र मिळाले नाही अशी तक्रार आली, तर नोंदवही पाहून ते केव्हा रवाना झाले हे सांगता येते. वैद्यकीय प्रमाणपत्राचीही अशीच नोंद ठेवावी लागते. डॉक्टरांनी त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा आणि शरीरावरची एखादी ओळखीची खूण नोंदवायची असते व एक प्रत आपल्याजवळ ठेवायची असते. त्यामुळे खोट्या प्रमाणपत्राला आळा बसतो.

या पत्रव्यवहारातले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. दवाखाना, तारीख, कागद, रवाना हे शब्द उर्दूतही आहेत. काही शब्दांचा अर्थ मात्र मराठीत थोडा बदलला आहे. उर्दूत ‘सही’ म्हणजे बरोबर. मराठीत ‘सही’ म्हणजे दस्तखत. उर्दूत ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो. मराठीत ‘मजकूर’ म्हणजे पत्रात लिहिलेली गोष्ट. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. कचेरीचे पत्र वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

रुग्णाचे कागद रुग्णालयात असले, तरी त्यांतील माहितीवर रुग्णाचा हक्क आहे. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या प्रती दिल्या पाहिजेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. २००२ सालच्या नियमांप्रमाणे, रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत त्याला कागदपत्रे द्यावी लागतात. त्यासाठी साधा अर्ज करावा. अर्जात नाव, केसपेपर क्रमांक, दाखल झाल्याची तारीख आणि कोणत्या कागदांच्या प्रती हव्यात, हे लिहावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

आता दवाखान्यात ईमेलही आला आहे. संगणकांच्या जाळ्यावरून असे पत्र अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली प्रथम पाठवले. ईमेलला पाकीट व तिकीट लागत नाही आणि तो काही क्षणांत पोचतो. त्याबरोबर तपासणीचा अहवालही जोडता येतो. २०२० साली करोनाच्या साथीत लोकांना घराबाहेर पडणे कठीण झाले. तेव्हा भारत सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. दूरध्वनी आणि चित्रफोन यांच्याबरोबर ईमेललाही त्यांत स्थान मिळाले.

ईमेल थोडक्यात आणि मुद्देसूद असावा. पुढील नमुना पाहा :

विषय : रक्ततपासणीच्या अहवालाबाबत

महोदया,
माझे वडील आपल्याकडे मधुमेहाचा उपचार घेत आहेत. त्यांचा केसपेपर क्रमांक खाली दिला आहे. आपण सांगितलेली रक्ततपासणी १२ तारखेला झाली. अहवाल सोबत जोडला आहे. पूर्वीचेच औषध चालू ठेवावे की भेटीस यावे, हे कृपया कळवावे. हे पत्र वडिलांच्या संमतीने लिहिले आहे.
आपला विश्वासू

या पत्रात विषयाच्या ओळीत रुग्णाचे नाव किंवा आजाराचे नाव नाही. कारण ती ओळ पत्र न उघडताही दिसते. शिवाय वडिलांची संमती घेतली आहे. आजार ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट असते.

ईमेल वेगाने जातो, पण तो परत बोलावता येईलच असे नाही. पत्त्यातले एक अक्षर चुकले, तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडतो. २०१५ साली लंडनमधील एका दवाखान्याने ७८१ जणांना एकाच वेळी ईमेल पाठवला. त्यांतील बहुतेक जण एचआयव्हीचे रुग्ण होते. पत्ते झाकून पाठवण्याऐवजी ते उघड्या रकान्यात लिहिले गेले. त्यामुळे प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसले आणि बहुतेक पत्त्यांत पूर्ण नावेही होती. लोकांनी वर्षानुवर्षे जपलेले गुपित क्षणात फुटले. दवाखान्याच्या चालकांना पुढच्या वर्षी १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. दंड भरता आला, पण फुटलेले गुपित पुन्हा झाकता आले नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ईमेल पोचला म्हणजे तो वाचला गेला, असे नाही. डॉक्टर तो संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशीही उघडतील. छातीत कळ आली, श्वास अडकू लागला किंवा अपघात झाला, तर ईमेल लिहीत बसू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना कदाचित मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नसेल. त्यांचे कागद तुम्ही वाचू शकता. सर्व कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. जे औषध सोसत नाही, त्याचे नाव पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा. दवाखान्यात जाताना ती फाइल बरोबर न्या. आणि त्या कागदांत जे वाचाल, ते आपल्यापाशीच ठेवा. नीट लिहिणे, नीट जपणे आणि गुपित राखणे, या तीन गोष्टी रुग्णाची मोठीच सेवा आहेत.