एका झाडात दोन झाडं

यवतमाळ जिल्ह्यात नेर-दारव्ह्याकडच्या एखाद्या संत्राबागेत गेलात तर फळांकडे नंतर बघा, आधी बुंध्याशी वाका. जमिनीच्या जरा वर कलमाचा सांधा दिसेल. त्याच्या खाली जंबेरीचा खुंट, वर नागपुरी संत्रा. एकाच झाडात दोन जीनोम! मुळं एका वंशाची, फळं दुसऱ्या वंशाची, आणि दोघं जन्मभर एकत्र राहूनही आपापला डीएनए सोडत नाहीत.

बरं, जंबेरी परकी तरी कुठे आहे? जनुकं तपासल्यावर कळलं, की ती संत्रावर्गातलं फळ आणि महाळुंग यांचा संकर आहे. म्हणजे भाचीच्या खांद्यावर मामा बसलाय.

जंबेरीची एक बी पेरा, कधी दोन तर कधी तीन कोंब वर येतात. त्यातला फार तर एखादा परागीभवनातून आलेला. बाकीचे थेट आईच्या पेशींतून फुटतात, बापाचा पत्ताच नाही. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांचा सारा धंदा या बिनबापाच्या रोपांवर चालतो, कारण खुंट एकसारखे मिळतात. वेगळं दिसणारं रोप उपटून फेकायचं आणि उरलेल्यांवर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरायचा. या चमत्कारामागचं कारण चिनी शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिलं: एका जनुकाच्या तोंडाशी घुसून बसलेला डीएनएचा उडाणटप्पू तुकडा. पपनसात तो नाही, म्हणून तिथे एका बीला एकच रोप.

लिंबूवर्गाचा संसार तसा आटोपशीर. गुणसूत्रांच्या नऊच जोड्या; मोसंबीच्या जातकुळीचा जीनोम डीएनएच्या जेमतेम 37 कोटी अक्षरांचा, माणसाचा 300 कोटींचा. पण भानगडी विचारू नका. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये 60 लिंबूवर्गीय झाडांच्या जीनोमचा अभ्यास छापून आला आणि घराणी उघडी पडली. मोसंबी ही पपनस आणि संत्रा यांच्या घरोब्यातली. कागदी लिंबाची एक बाजू महाळुंगाची, दुसरी एका रानटी लिंबूवर्गीय झाडाची. सोवळं म्हणावं तर संत्रा, पण लागवडीतल्या बहुतेक संत्र्यांतही पपनसाचे तुकडे सापडले. फळाचा आकार वाढला आणि आंबटपणा उतरला, त्यात या तुकड्यांचा हात आहे. सगळ्यांचं मूळ गाव हिमालयाच्या पायथ्याशी, आसाम-म्यानमार-युनानच्या पट्ट्यात. काळ, साधारण 80 लाख वर्षांपूर्वीचा.

डोळे भरून वाढवलेल्या बागेत झाडं पाचशे असोत की हजार, वरचा वाण एकच. डिंक्यासारखा रोग आला आणि झाडं सारखीच असली तर सारखीच बळी पडतात. मग नवं काही येतं कुठून? चुकीतून. एखाद्या डोळ्यातल्या पेशीत डीएनएची नक्कल करताना गफलत होते आणि त्याच झाडाची एकच फांदी वेगळी फळं देऊ लागते. बिनबियांच्या नेव्हल मोसंबीचा जन्म ब्राझीलमध्ये अशाच फांदीवर झाला. 1873 मध्ये तिची दोन झाडं कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला लागली आणि तिथल्या नेव्हल बागांचा विस्तार त्यांच्यापासून झाला.

इटलीतली लालबुंद गराची मोसंबीसुद्धा अशाच घुसखोर तुकड्याची करामत. तो ‘रूबी’ नावाच्या जनुकाशेजारी बसला आणि गराला रंग चढला. अट एकच, कडाक्याची थंडी हवी. यवतमाळच्या हवेत त्याची डाळ शिजणं कठीण.