टेबलावरची यंत्रं (भाग ७) : खिशाला झेपणारा खटका

गेल्या भागात माउसचा निकाल लावला. आता त्याच्या शेजारच्या कीबोर्डकडे वळू. या विषयावर लिहा म्हणणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "मेकॅनिकल घ्यायचाय, पण तीन हजारांच्या वर जायचं नाही. कोणता घेऊ?" मॉडेलचं नाव सांगून मोकळं व्हावं, तर वर्ष उलटायच्या आत ते बाजारातून गायब होतं, नाहीतर त्याच नावाखाली आतला माल बदलतो. म्हणून आज नावं कमी आणि पारख जास्त.

या किमतीत सगळंच चांगलं मिळत नाही, कुठे ना कुठे हात आखडलेला असतोच. तो कुठे आखडलाय एवढंच बघायचं. कीकॅप मागाहून बदलता येतात. सॉकेट असतील तर स्विचही बदलता येतात. पण बटणं किती, ती कुठे, आतला सर्किट बोर्ड कसला, सांगाडा किती डगमगतो, या गोष्टी डबा उघडताना असतात तशाच शेवटपर्यंत राहतात. जाहिराती नेमक्या उलट्या टोकाने बोलतात. आधी दिवे, मग स्विचचा रंग, मग "५ कोटी दाबांचं आयुष्य".

या ५ कोटींचा हिशोब एकदा करूनच टाकू. दिवसाला २० हजार दाब म्हणजे भरपूर टायपिंग झालं. त्यातला दहावा हिस्सा एकाच बटणावर पडतो असं धरलं तरी ते दिवसाला २ हजार. ५ कोटींना २ हजारांनी भागलं की २५ हजार दिवस होतात, म्हणजे ६८ वर्षं. तोवर कॉम्प्युटर कोणत्या रूपात असेल देव जाणे. स्वस्त स्विच झिजून मरत नाही. तो धुळीने, दमटपणाने आणि चहाने मरतो. त्याकडे नंतर येऊ.

आत काय असतं ते थोडक्यात. साध्या, चार-पाचशे रुपयांच्या कीबोर्डमध्ये प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर सर्किट छापलेलं असतं आणि वर रबराच्या घुमट्या असतात. घुमटी पार दबली की दोन पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग, वरखाली होणारा दांडा आणि धातूच्या दोन पात्या. दांडा खाली गेला की पात्या चिकटतात. चेरी या कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये, जो या सगळ्यांचा मूळपुरुष आहे, बटण ४ मिलिमीटर खाली जातं आणि अक्षर २ मिलिमीटरलाच उमटतं. म्हणजे तळापर्यंत ठोकायची गरज नाही. आपण सगळे ठोकतोच, तो भाग वेगळा.

चेरीचं हे डिझाइन १९८०च्या दशकातलं. पेटंटची मुदत संपली आणि चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या कैल्ह, गेटरॉन, औटेमू वगैरे कंपन्यांनी तसेच स्विच बेसुमार काढायला सुरुवात केली. आज दोन हजारांत मेकॅनिकल मिळतो तो यांच्यामुळे. यांतले बरेचसे स्विच चांगले असतात. गेटरॉनचे तर हाताला चेरीपेक्षाही मऊ लागतात, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील.

रंगांचं प्रकरण सोपं आहे. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, हलका, सुमारे ४५ ग्रॅम दाबाचा. काळाही सरळच, पण ६० ग्रॅमचा. तपकिरीत मध्ये बारीकसा अडथळा जाणवतो. निळ्यात अडथळाही आहे आणि वर 'टक्' असा आवाज. ही टक् पात्यांची नव्हे. दांड्यावर एक सुटा तुकडा बसवलेला असतो, तो निसटून आपटतो, त्याचा हा आवाज. दुकानदार हटकून निळा पुढे करतो, कारण काउंटरवर तोच मेकॅनिकल 'वाटतो'. घरात रात्री काम करणार असाल आणि त्याच खोलीत कुणी झोपणार असेल, तर निळ्याच्या वाटेला जाऊ नका. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या गोदरेज किंवा रेमिंग्टनवर ३०-४०ची परीक्षा दिलेल्यांचा हात जड असतो. त्यांना लाल स्विचवर बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर उमटतं आणि वैताग येतो. त्यांनी काळा किंवा निळा घ्यावा. बाकीच्यांना लाल किंवा तपकिरी, आवडेल तो. तपकिरीतला अडथळा इतका नाममात्र असतो की त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ : आकार. बाजारात सध्या ६१ बटणांच्या चिमुकल्या कीबोर्डची लाट आहे. स्वस्त, देखणे, टेबलावर जागा कमी खाणारे. त्यात बाणांची बटणं नाहीत, डिलीट नाही, होम-एंड नाही, एफ-वनची रांगही नाही. सगळं एफएन दाबून. गेम खेळणाऱ्याला चालतं. मराठी लिहिणाऱ्याने मात्र त्यापासून चार हात लांब राहावं.

कारण दाखवतो. 'स्त्री' हा शब्द टाइप केला आणि शेवटची दीर्घ वेलांटी काढायची आहे. बॅकस्पेस मारला की बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी जाते, 'स्त्र' शिल्लक राहतो. शब्दाच्या आधी कर्सर नेऊन डिलीट मारला तर अख्खं जोडाक्षर एका दमात उडतं. कॉम्प्युटर 'स्त्री' साठवतो स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशा सहा तुकड्यांत. बॅकस्पेस शेवटचा तुकडा काढतो, डिलीट सगळा गठ्ठा उचलतो, आणि बाणाने पुढे सरकलं की कर्सर गठ्ठाच्या गठ्ठा ओलांडतो. मराठी मजकुराची दुरुस्ती म्हणजे हे तीन बटणांचं सततचं वरखाली. त्यातली दोन एफएनमागे दडवली की लिहिण्यातलं अर्धं चित्त बोटांच्या कसरतीत जातं. बाण आणि डिलीट स्वतंत्र हवेतच. ६८ बटणांच्या कीबोर्डात ती बहुधा असतात, ८४च्यात एफ-रांगही येते, ८७च्यात सगळं ऐसपैस मिळतं.

डीटीपीवाल्यांचं आणखी वेगळं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून आकडे टाकल्याशिवाय येत नाहीत, आणि ते आकडे उजवीकडच्या नंबरपॅडवरचेच लागतात, वरच्या रांगेतले चालत नाहीत. टॅलीत बिलं मारणाऱ्यालाही तेच पॅड हवं. अशांनी १०४ बटणांचा पूर्ण किंवा ९६चा दाटीवाटीचा घ्यावा.

आणि इथे आपल्याकडच्या एका जुन्या खेळाडूचं नाव घ्यायलाच हवं : चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड'. कोर्ट, बँक, तिकीट खिडकी, मेडिकलचा काउंटर, कुठेही कानावर येणारा तो टकटकाट बऱ्याचदा याचाच. 'मेकॅनिकल' हा शब्द गेमिंगच्या दुकानांत पोचायच्या कितीतरी आधी सरकारी कारकून चेरीच्या निळ्या स्विचवर टायपिंग करत होता आणि त्याला ते कुणी सांगितलंही नव्हतं. दिवे नाहीत, रूप नाही, कीकॅप पातळ, स्विच डाख देऊन पक्के केलेले. पण १०४ बटणं आणि हत्तीसारखा टिकाऊपणा. ऑफिसात एकटी केबिन असेल, तर आजही मी हाच सुचवेन.

खरेदीला जाल तेव्हा पहिला सापळा म्हणजे खोक्यावरचे 'मेकॅनिकल फील' हे दोन शब्द. त्याचा अर्थ मेकॅनिकल नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार एखादी कीकॅप काढून दाखवायला सहसा नाही म्हणत नाही. काढून बघा. खाली चौकोनी, चार कोपरे स्पष्ट दिसणारा स्विच असेल, त्याच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखा रंगीत दांडा असेल आणि कंपनीचं नाव बारीक अक्षरात कोरलेलं असेल, तर माल खरा. प्लास्टिकच्या सलग पत्र्यातून नुसत्या नळ्या वर आल्या असतील आणि दाबल्यावर खाली रबर बसल्यासारखं मऊ लागलं, तर तो चारशेचा कीबोर्ड बाराशेला विकायला ठेवलाय. नुसत्या अधिकच्या चिन्हावर विसंबू नका, नकली मालातही हल्ली ते असतं.

दुसरं, 'हॉट-स्वॅप' आहे का ते विचारा. म्हणजे स्विच चिमट्याने उपटून दुसरा दाबून बसवता येतो. बजेटमध्ये दोन-चारशे जास्त मोजावेत तर यासाठीच. पण एक पोटप्रश्न लगेच विचारायचा : सॉकेट कोणतं? काही स्वस्त बोर्डांवर फक्त औटेमूचे बारीक पायांचे स्विच बसतात, दुसरे दाबून घालायला गेलात तर पाय वाकतात. शिवाय सॉकेट तीन पायांचं असेल आणि स्विच पाच पायांचा, तर स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरने कापायचे. कापताना जीव वरखाली होतो, पण बिघडत काही नाही.

तिसरं, स्पेसबार दोन्ही टोकांना आळीपाळीने दाबून ऐका. लांब बटणांखाली तारेची कांब असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. स्वस्त कीबोर्ड सर्वांत आधी उघडा पडतो तो इथे. पत्र्याचा डबा हलवल्यासारखा खडखडाट होत असेल तर दुसरा पीस मागा. घरी आल्यावर तारेच्या टोकांना थोडंसं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की आवाज बराच बसतो. शिलाई मशीनचं तेल नको. ते ओघळतं, स्विचमध्ये उतरतं आणि धूळ धरून ठेवतं.

खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. आपल्याकडे कीबोर्डला तो सक्तीचा आहे. वायरलेस घेणार असाल तर आणखी एक बारकी गोष्ट. अनेक स्वस्त कीबोर्ड दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेलीच केबल लागते. दुरुस्तीला धावण्याआधी केबल बदलून बघा. दिव्यांचं सॉफ्टवेअर म्हणाल तर ते न टाकलेलंच बरं.

कीकॅपचं प्लास्टिक दोन प्रकारचं. एबीएस गुळगुळीत आणि लवकर चकाकणारं, पीबीटी खरखरीत आणि टिकणारं. इन्स्क्रिप्टवर मराठी लिहिणाऱ्यांच्या कीबोर्डवर ही चकाकी इंग्रजीवाल्यांपेक्षा वेगळ्या जागी येते. काना 'ई'वर आहे, हलन्त 'डी'वर, आणि दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या वाट्याला. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, ही मांडणीच तशी आहे. त्यामुळे ई आणि डी आधी तेलकट दिसायला लागतात आणि छापील अक्षर असेल तर पुसट होतं. डबलशॉट म्हणजे दोन रंगांचं प्लास्टिक ओतून केलेली कीकॅप असेल तर अक्षर पुसलं जात नाही. देवनागरी स्टिकर चिकटवू नका. कडांना मळ धरतो आणि बोटाला कंगोरा लागत राहतो.

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच एकेक बटण तपासा, परत करायची मुदत फार नसते. मग मागचे पाय मिटून ठेवा. मेकॅनिकल कीबोर्ड मुळातच उंच असतो. पाय उघडले की मनगट आणखी वर मुडपतं, आणि जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्यांचं तर आठवडाभरात दुखायला लागतं. मनगटाखाली घडी घातलेला नॅपकिन चालतो, त्यासाठी हजाराचा पॅड लागत नाही.

काही महिन्यांनी एखादं बटण एका दाबात दोनदा उमटायला लागतं. 'का'ला दोन काने पडतात. पात्यांवर मळ किंवा गंज बसला की त्या टेकताना थरथरतात आणि कीबोर्डला ते दोन दाब वाटतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास. हॉट-स्वॅप असेल तर तो स्विच काढून क्वचित वापरल्या जाणाऱ्या, म्हणजे स्क्रोल लॉकच्या वगैरे जागचा तिथे बसवा, काम भागलं. नसेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, आणि त्यानेही न सुटल्यास डाखकाम करणारा गाठायचा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कैल्हचे 'बॉक्स' प्रकारचे स्विच बघावेत. त्यात पात्या बंद कप्प्यात असतात आणि कंपनी धूळ-पाण्यासाठी आयपी५६चा दावा करते.

कीकॅप धुवायच्या असतील तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर एंड आणि होमची जागा कुणालाच आठवत नाही. तारेच्या चिमट्याने उपटा, कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून भिजवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. आतला कचरा कीबोर्ड उलटा करून ब्रशने झाडायचा. मुंग्या दिसल्या तर खाली बिस्किटाचा चुरा आहे असं समजा.

चहा सांडला तर पुसायला फडकं शोधण्याआधी केबल उपटा. वायरलेस असेल तर बटण बंद करा. लगेच पालथा घाला, कीकॅप काढा, भिजलेले स्विच काढता येत असतील तर काढा. बिनसाखरेचा चहा असेल तर दोन दिवस वाळवून बहुतेक वेळा भागतं. साखरेचा असेल तर ते स्विच स्वच्छ पाण्यात खळखळून धुऊन वाळवावे लागतात आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो. वॉरंटीत हे बसत नाही, विचारायलाही जाऊ नका.

पुढच्या आठवड्यात : टेबलावरचा दिवा.